मामांची अख्खी फाईल, तीही फुकट

कागदपत्रांच्या कामात आपला हात कोणी धरू शकत नाही. म्हणून मामांच्या अपंगत्वाच्या पेन्शनचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. मामा बस डेपोत मेकॅनिक. सहा वर्षांपूर्वी जॅक घसरला आणि कंबर कायमची गेली. डेपोने इतकी वर्षं सांभाळून घेतलं, आता घरी बसा म्हणाले. पेन्शन मिळाली नाही तर घर कसं चालवायचं, हा घोर मामींना लागला होता. मला नव्हता. मी होतो ना!

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधल्या बाई म्हणाल्या, "शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स पुरेल."

"पेन्शनच्या अर्जासाठी रेकॉर्ड मोफत मिळतो. बाहेर पाटी तुम्हीच लावलीय."

"हो, पण किती पानं हवीत?"

"मोफत आहे ना? मग सगळी!"

बाईंनी एकदा मशीनकडे पाहिलं आणि चहा मागवला. दोनशे बारा पानं निघाली. मामा काठी टेकत म्हणाले, "अरे, एवढं कशाला?"

"तुम्ही फक्त बसा, मामा. बोलायचं काम माझं."

पेन्शन ऑफिसात साहेबांपुढे मी गठ्ठा ठेवला. साहेब भलतेच चिवट, एकेक पान वाचायला लागले.

"इथे लिहिलंय, 'प्रकृती उत्तम. रोज पायी फिरतात.'"

"काहीतरी चूक असेल."

"पुढे, 'दोन जिने सहज चढतात.' त्याच्या पुढे, 'काही तक्रार नाही.' अहो, मग पेन्शन कशाची द्यायची?"

आता मामींना काय तोंड दाखवू? मी तावातावाने म्हणालो, "साहेब, डॉक्टरांना ही माहिती दिली कोणी? आधी त्या माणसाला समोर आणा!"

साहेबांनी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "सोबत आलेल्या भाच्याने सांगितल्यानुसार."

आता तपासणीला मामांना दरवेळी मीच न्यायचो, हे खरं. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की मामांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगायचो, "एकदम फर्स्टक्लास!" माझ्या देखरेखीखाली माणूस बरा होत नाही म्हणजे काय?

"अहो, तुम्ही का नाही बोललात?" साहेबांनी मामांना विचारलं.

"हा दम खाईल तेव्हा ना," मामा म्हणाले.

साहेबांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. वीस मिनिटं आतून मामांचा आवाज येत होता. एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं! मग मला आत बोलावलं. एकशे नव्वदाव्या पानावर फिजिओथेरपीच्या बाईंची नोंद सापडली होती. दहा पावलांवर थांबावं लागतं, वाकता येत नाही, मोजे बायको घालते. तिथे नातेवाइकांना आत सोडत नाहीत. अर्ज मंजूर झाला होता.

"बघा साहेब, सगळी पानं मागितली म्हणून तर हे सापडलं!" मी छाती फुगवून म्हटलं.

साहेबांनी मामांचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. शेवटचा रकाना होता, 'सोबत मदतनीस लागतो का?'

मामांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'लागतो. पण दुसरा.'