कानात बोळे घालून घेतलेलं गिटार

आमचे शेजारी रुस्तुमराव मोटे यांना दिसेल त्या वस्तूला कान लावायची सवय आहे. कलिंगडाला, विजेच्या मीटरला, उभ्या स्कूटरच्या टाकीला, आणि एकदा कॉलनीच्या बैठकीत भाषण लांबलं तेव्हा समोरच्या टेबलालासुद्धा. एक बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि भोवतालच्या सगळ्यांना दटावायचं, "गप बसा जरा, बोलायलंय."

यात त्यांचा फारसा दोष नाही. पस्तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्यात हेच काम केलं. रस्त्याखालची लाइन कुठं गळते ते शोधायचं. हातात खांद्याइतकी उंच लोखंडी सळई. तिचं एक टोक डांबरावर, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत रस्ताभर असं टेकत टेकत चालायचं. खाली पाणी गळत असलं की सळईतून ते हाडात येतं म्हणे. मग रुस्तुमराव खडूनं रस्त्यावर फुली मारत आणि सांगत, "अडीच फूट खाली, डाव्या अंगाला." पुढं मशिनी आल्या, पण अडलं की बोलावणं यांनाच येई. निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ घेऊन त्यांनी एकच मागणं मागितलं, सळई घरी न्यायचं.

मी शाळेत संगीत शिकवते. कान हा माझाही प्रांत आहे, आणि माझ्या प्रांतात कुणी घुसलेलं मला खपत नाही. एकदा मी ओट्यावर पेटी काढून बसले होते, तर हे सळई घेऊन आले, पेटीच्या पाठीला लावली आणि म्हणाले, "बाई, मागच्या कोपऱ्यात उसासा टाकायलीय ही." मी त्यांना चांगलंच सुनावलं. महिन्याभरानं पेटी दुरुस्तीला दिली तर भात्याला मागच्या कोपऱ्यातच चीर निघाली. रुस्तुमरावांनी पुढं आठ दिवस माझ्याकडं बघून नुसतं हसून घेतलं. पाणी काय आणि हवा काय, त्यांच्या दृष्टीनं गळती ती गळती.

सिडकोतली आमची घरं जोडून आहेत, मधली भिंत एकच. त्या भिंतीवर आमचा सोळा वर्षांचा शेजार उभा होता. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसतो. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळं ज्या घराला आधी चाहूल लागेल त्यानं भिंतीवर तांब्यानं तीन ठोके द्यायचे, असा रिवाज. चाहूल बहुतेक रुस्तुमरावांच्या बायकोलाच, पारूमावशींना, लागायची. पाण्याच्या आधी नळातून हवेचा जो बारीक फुस्कारा येतो, तो त्यांना स्वयंपाकघरातून कळायचा. तीन ठोके, मग त्यांच्या हंड्यांचे आवाज, आणि पाणी भरता भरता त्यांचं एक गाणं.

मागच्या उन्हाळ्यात हे बिनसलं. दोनदा पाणी आलं आणि गेलं, मावशींनी भिंत वाजवली नाही. आमची टाकी आठ दिवस कोरडी. मग मी भिंत वाजवली, तर पलीकडून उत्तर नाही. अंगणातून हाक मारली, तर त्या सरळ पाठ फिरवून आत गेल्या. मला रागाला कारण पुरतं, इथं तर तीन होती. मी बोलणं टाकलं. वर्षभर टाकलं.

रुस्तुमरावांशी मात्र बोलत होते, कारण त्यांच्याशी न बोलण्याची सोयच नाही. ते दारात उभे राहून बोलतात.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गाण्यातल्या. जरा औरंगपुऱ्याला चला. गिटार घ्यायचंय."

"कुणाला?"

"मला. ते जाड तारांचं. चारच तारा असत्यात, लांब दांड्याचं. बँडवाल्याकडं असतं बघा."

"बास गिटार? सदुसष्टाव्या वर्षी? कशाला?"

"हाय काम," ते म्हणाले आणि चपला घालायला लागले.

गल्लीत दुपारपर्यंत बातमी झाली होती. कुणी म्हणालं, रुस्तुमराव ऑर्केस्ट्रात चाललेत. कुणी म्हणालं, रिकामपण डोक्यात गेलं. मला दुसरं पटलं, पण दुकान बघायची हौस मलाही होती.

दुकान सलीमभाईंचं. भिंतीवर ओळीनं गिटारं, खाली ढोलक्या. सलीमभाईंनी एक लालचुटूक, चकचकीत बास काढलं, स्पीकरला जोडलं आणि असं काही घुमवलं की काउंटरवरची काच थरथरली. मी मान डोलावली. रुस्तुमराव म्हणाले, "ती वायर काढा."

"चचा, वायर निकाले तो आवाज कैसा आएगा?"

"भायेर आवाज नको मला. आत पायजे."

मग त्यांनी खिशातून कापूस काढला. दोन बोळे केले, दोन्ही कानांत गच्च बसवले, गिटार उराशी धरलं, हनुवटी त्याच्या लाकडाला टेकली आणि सगळ्यात जाड तार ओढली. बोट वर. डोळे बंद. "गप बसा जरा, बोलायलंय." दुकानात कुणीच बोलत नव्हतं. सलीमभाई माझ्याकडं बघत होते, मी ढोलक्यांकडं.

थोड्या वेळानं बोळे काढून निकाल आला. "ह्याचं तोंड बोलतंय, अंग नाय बोलत."

मग दुसरं. मग तिसरं. हनुवटी झाली की कानामागचं हाड, मग गिटार लाकडी स्टुलावर आडवं ठेवून स्टुलाच्या पायाला तळहात. चौथ्याला तर त्यांनी कडेला दात टेकवले. सलीमभाई ओरडले, "अरे चचा, चाबो नक्को! गिटार है, गन्ना नई!"

आम्ही चार रविवार गेलो. पाचवी तार असलेलं नाकारलं, हलकं नाकारलं, मला आवडलेली दोन्ही नाकारली. चौथ्या रविवारी माझा संयम संपला. भर दुकानात मी म्हणाले, "रुस्तुमराव, कानात बोळे घालून वाद्य घेतं का कुणी? बहिऱ्याला घ्यायचंय का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पुढच्या गिटाराकडं वळले. मला वाटलं, बोळ्यांमुळं ऐकू गेलं नसेल.

त्या दिवशी त्यांना सापडलं. अगदी मागं, ढोलक्यांच्या आड, धूळ खात पडलेलं, तपकिरी, बेढब, आणि इतकं जड की सलीमभाईंनी ते दोन हातांनी आणलं. "ये कोई नै लेता चचा. दो गाने बजाए तो कंधा गया." रुस्तुमरावांनी हनुवटी टेकली, तार ओढली. आणि डोळे मिटलेलेच राहिले. बराच वेळ. उघडले तेव्हा ओले होते. "सापडलं," ते म्हणाले. रस्त्यावर फुली मारताना ते असंच म्हणत असणार.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या भिंतीतून धडधड सुरू झाली. एक ठोका, मग लांब शांतता, मग दुसरा ठोका. ना ताल, ना सूर. दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी पदर खोचून मी वर्षभरानं त्या घरात गेले, भांडायला.

दार उघडंच होतं. भिंतीला लागून दिवाण, दिवाणावर पारूमावशी. ते जड धूड त्यांच्या मांडीवर आडवं, त्यांचा गाल त्याच्या लाकडावर, दोन्ही तळहात त्याच्या अंगावर. शेजारी रुस्तुमराव बसून जाड तार ओढत होते. तार ओढली की मावशी म्हणत, "व्हय." मग थांबून वाट बघत. पुन्हा तार. "व्हय. आलं."

त्यांनी मला पाहिलं आणि शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्यानं म्हणाल्या, "या बाई! आलात का शेवटी! मला ऐकू येत नाय आता. यांनी सांगितलंच का तुम्हाला?"

माझा खोचलेला पदर माझ्याच हातानं सुटला.

रुस्तुमरावांनी मला ओट्यावर आणलं. मावशींनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही, लोक बहिरी म्हणतील. दोन वर्षं झाली होती. आधी बारीक आवाज गेले, पाखरं, दारावरची घंटी, मागच्या उन्हाळ्यात नळाचा फुस्कारा. मग माणसं. दवाखाने झाले. कानातलं मशीनही लावून पाहिलं, पण डोक्यात नुसता खरखराट, मावशी रडायच्या. डॉक्टर म्हणाले, नसाच गेल्यात, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत, तेही फार दिवस राहणार नाहीत. मग पाचोडला पुतण्याच्या लग्नात बँडच्या स्पीकरच्या पेटाऱ्याजवळ मावशींना बसवलं होतं. मख्ख बसलेल्या मावशींनी एकाएकी छातीवर हात ठेवला आणि हसल्या, "अवो, कायतरी वाजायलंय!" रुस्तुमराव उठून वाजवणाऱ्याकडं गेले आणि विचारून आले, हे कुठलं.

"जे कानाबिगर ऐकू येईल असंच पायजे होतं बाई. म्हणून बोळे."

दुकानात मी काय बोलले होते ते मला आठवत होतं.

"बाई," ते म्हणाले, "तीन फूट खाली गळणारं पाणी मला ऐकू यायचं. सगळं शहर ऐकलं मी. अन घरातलं माणूस मला दिवसातून दहा बार 'काय म्हणलात' विचारायलंय, त्याचा अर्थ नाय कळला. मी ओरडायचो तिच्यावर. ध्यान कुठं असतं म्हणून. लई ओरडलो बाई."

मीही तेच केलं होतं, फक्त न ओरडता. भिंतीपलीकडं एक बाई माझी वाट बघत बसली होती आणि मी रुसून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"एक काम हाय," रुस्तुमराव म्हणाले. "ती पाणी भरताना कायतरी गाणं म्हणायची ना? बंद केलं तिनं. सोताचा आवाज ऐकू येत नाय, लाज वाटती म्हणली. ते मला शिकवा. ह्याच्यावर."

"तुम्हाला येत असेल की. चाळीस वर्षं ऐकलंत."

ते सळईनं ओट्याची फरशी उगाच टोकरत राहिले. "मी कुठं ऐकलं? पहाटेची ड्युटी, आलो की झोपायचो. तिनं म्हणायला घेतलं की म्हणायचो, गप बस जरा."

गाणं मला येत होतं. त्यांच्या माहेरचं, मेंढरं वाड्यात परतताना म्हणायचं, पाच सुरांत फिरणारं. सोळा वर्षं भिंतीतून ऐकलं होतं, आणि खरं सांगते, सोळा वर्षं मनात त्यातल्या चुका काढल्या होत्या. चौथा सूर मावशी कायम खाली लावायच्या. शाळेत पोरींचा सूर एवढासा हलला तरी माझा हात वर जातो आणि वर्ग थांबतो.

पंधरा दिवस मी रुस्तुमरावांना शिकवलं. असा विद्यार्थी शत्रूला मिळू नये. सा-रे-ग त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी त्यांनीच तारांना नावं दिली. सगळ्यात जाड ती 'मेन लाइन', मग 'सहा इंची', 'चार इंची', आणि बारीक ती 'घरचं कनेक्शन'. "मेन लाइन दोनदा, मग चार इंची तिसऱ्या पट्टीवर," असं मी, संगीत विशारद, तोंडानं म्हणत होते. त्यांची बोटं फुटली, त्यांवर चिकटपट्ट्या आल्या. एकदाही कंटाळले नाहीत. घाई मात्र होती. एकदा मी म्हटलं, हळूहळू येईल, तर म्हणाले, "हळूहळूला टाइम नाय बाई, रोज थोडं कमी ऐकू यायलंय तिला."

परवा दुपारी पाणी आलं. फुस्कारा मला कळला. सवयीनं तांब्या उचलला, खाली ठेवला आणि सरळ पलीकडं गेले. रुस्तुमराव हंडे लावत होते. सगळे भरून झाल्यावर त्यांनी हात पुसले, गिटार मावशींच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसले. मावशींनी गाल टेकला.

पहिली ओळ त्यांनी अडखळत वाजवली. मावशी नुसत्या "व्हय" म्हणाल्या. दुसऱ्यांदा वाजवली. मावशींनी "व्हय" म्हटलं नाही. लाकडावरचा त्यांचा तळहात हळूहळू हलायला लागला. तिसऱ्यांदा, ओळीच्या मध्यावर, त्या म्हणायला लागल्या.

आवाज चिरका होता, नको तितका मोठा होता, आणि सूर पार भलतीकडं होता. एकही जागेवर नव्हता. माझा हात आपोआप वर गेला.

रुस्तुमरावांनी तार सोडली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. एक बोट तेवढं वर केलं.

"गप बसा जरा बाई," ते हळूच म्हणाले. "बोलायलीय."

मी हात खाली घेतला आणि ऐकत बसले.