ज्योत्स्नाच्या कागदासाठी

लोणी भापकरच्या सावळाराम आबांच्या अंगणात ज्योत्स्नाने फक्कीने रेघ मारली, टेप लावून तीन मीटर दोनदा मोजले आणि समोर खुर्ची मांडली. मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. बारामतीच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती आणि वर्षभर एक ऑनलाइन अभ्यासक्रम करत होती. म्हाताऱ्या माणसांना चालतं-फिरतं कसं ठेवायचं, ते जगभरातल्या फिजिओथेरपिस्टना शिकवणारा. आज त्याची शेवटची परीक्षा. मागच्या खेपेला ऐनवेळी रेंज गेली आणि ती नापास झाली. ही दुसरी आणि शेवटची संधी; आजही बोंब झाली, तर पुन्हा पहिल्यापासून अख्खं वर्ष!

पण आज तिला घोर नव्हता. पेशंटने खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळून यायचं, बसायचं. बास. सहा महिन्यांपूर्वी आबांना याला एकतीस सेकंद लागत. तिने रोज व्यायाम करून घेतला, त्यापायी आबांच्या शिव्याही खाल्ल्या, आणि परवा तर आबा अकरा सेकंदांत परत येऊन वर विचारत होते, "आजून एकदा जाऊ का?"

पाच वाजता आयर्लंडहून परीक्षक हेलनबाई स्क्रीनवर आल्या. आबा घरातून बाहेर पडले. गुडघ्याला मफलर गुंडाळलेला, एका हातात काठी, दुसरा हात शेजारच्या आबाजींच्या खांद्यावर.

"आबा! पडलात की काय?"

"पडतोय कशाला? तू फकस्त बघ," आबा पुटपुटले आणि मोबाईलकडे तोंड करून कण्हले, "आई गंऽऽ!"

"अहो, काय चाललंय हे?"

"पोरी, सायेब तपासनार आन् मंग कागद देनार, व्हय का न्हाय? धडधाकट मानूस दावल्यावर कुठं कागद मिळतो? ह्या आबाजीचा मेव्हणा इंदापूरला अपंगाचा दाखला काढाया गेला, आन् हापिसाचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढला. आला हात हलवत माघारी!"

"खरं हाय," आबाजींनी री ओढली.

"आबा, कागद तुम्हाला नाही, मला मिळणार आहे!"

"म्हणून तर! माझा असता तर येवढं लंगडलो नसतो."

आता या माणसाला काय बोलायचं? ज्योत्स्नाने हात जोडले. "तुम्ही बरे झालात, तेच दाखवायचंय हो!"

"तुला न्हाय कळायचं. सायेब लोकं आमी बघितल्यात."

"सोंगं बघा सोंगं!" दारातून आबांच्या पत्नी विजयमाला आजी कडाडल्या. "सकाळी बोक्याच्या मागं पार उसापतूर पळालं ह्ये मानूस. आत्ता मेला गुडघा आठवला व्हय!"

"सुरू करा," हेलनबाई इंग्रजीत म्हणाल्या.

आबा खुर्चीत बसले आणि उठायला लागले. अर्धे उठले, बसले, पुन्हा उठले. दर पावलाला थांबून त्यांनी "पांडुरंगा" म्हटलं. रेघेजवळ गेल्यावर आबाजी धावत पाणी घेऊन आले. आबा तेही सावकाश प्यायले. परत येऊन ते खुर्चीत कोसळले तेव्हा स्क्रीनवर आकडा होता एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.

"सहा महिन्यांपूर्वी एकतीस होते ना?" हेलनबाईंनी विचारलं.

ज्योत्स्नाने मान हलवली. म्हणजे तिच्या व्यायामाने म्हातारा पार आडवा झाला! डोळ्यांत पाणी तरारलं.

"परीक्षा संपली म्हणून सांगा त्यांना," हेलनबाई म्हणाल्या. "आणि कॅमेरा राहू दे."

"झालं, आबा. संपली परीक्षा."

"संपली? हात्तिच्या!" आबा ताडकन उठले. काठी आबाजींच्या हातात दिली, रेघेच्या टोकाशी ठेवलेली मक्याच्या कणसांची पिशवी उचलली, गर्रकन वळले आणि येऊन बसले. "धर. घरी भाजून खा. आन् रडतीस कशाला?"

"नऊ सेकंद," हेलनबाई म्हणाल्या. "तेही ओझ्यासकट! मी वीस वर्षं परीक्षा घेतेय. परीक्षक बघतोय म्हटलं की म्हातारी माणसं कुठल्याच देशात धड चालत नाहीत. आमच्याकडची काठ्या लपवतात, तुमची काढतात. म्हणून मी खरा वेळ नेहमी परीक्षा संपल्यावर मोजते. तुम्ही पास."

"आबा, पास झाले मी!" ज्योत्स्ना ओरडलीच. काय घडलं ते तिने भडाभडा सांगायला घेतलं, पण आबांनी 'पास'पुढचं काहीच ऐकलं नाही.

"बघ! म्हणलं नव्हतं?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि आबाजींच्या कानाशी वाकले. "जाताना डाव्या पायानं लंगडत हुतो, येताना उजव्या. बाईच्या ध्यानातच आलं न्हाय!"