दहाचाकीच्या सुटकेची मोहीम आणि भोंग्याचा बळी

कोणी लिहा म्हटले नाही, तरी लिहितो. मोठमोठ्या लढायांच्या हकीकती लिहिणारे शेकड्याने जाहले, परंतु भर दुपारी गॅरेजच्या दारात अडकलेल्या दहाचाकी ट्रकाची दाद घेणारा एकही निपजला नाही, आणि उद्या उस्ताद मेकॅनिक सारे यश आपल्याच पदरात ओढतील, त्यांचा स्वभाव आम्हांस पुरता ठाऊक. सबब घडले तैसे नमूद करणे प्राप्त आहे.

तर राजश्री ड्रायव्हरसाहेब, अवजड वाहनांच्या फौजेतील जुने सरदार, यांनी धाकट्या बहिणीची रोपे नव्या जागी, म्हणजे तिच्या घराच्या अंगणात, पोहोचविण्याचा विडा उचलिला. बहिणीची रोपवाटिका जुन्या जमिनीवरून उठली होती, आणि बियांपासून पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली ती रोपे हीच तिची सारी दौलत. उन्हे चढण्यापूर्वी मुक्काम गाठावा ऐसा बेत होता. मग निम्म्या वाटेत ब्रेकच्या हवेचा दाब दाखविणाऱ्या काट्याने मान टाकली, आणि अवजड गाडीचा दस्तूर ऐसा की टाकीतील हवा सरली म्हणजे ब्रेक आपोआप चाके आवळतात व गजराज जागचा हलत नाही. सरदारांनी कशीबशी उस्तादांच्या गॅरेजची वेस गाठली, आणि गाडीने नेमके दरवाजातच, अर्धी आत अर्धी बाहेर, ठाण मांडिले. आतल्यांस बाहेर पडणे मुश्किल, बाहेरच्यांस आत शिरणे मुश्किल, ऐसा वेढा पडला.

उस्तादांची ख्याती ऐसी की ते रोग डोळ्यांनी पाहत नसत, कानाने ऐकत. इंजिन चालू ठेवण्याचा हुकूम जाहला, आणि लांब पान्याचे एक टोक इंजिनास व दुसरे आपल्या कानास लावून ते डोळे मिटून उभे राहिले. कोणी म्हणे पाइप फुटला, कोणी म्हणे टाकी गळते, आणि चहा घेऊन आलेल्यानेही आपली मसलत देऊन टाकिली. मग उस्तादांनी डोळे उघडोन फर्माविले की कसूर टाकीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवरील व्हॉल्व्हाची आहे, दुसरे काही ऐकावयाचे नाही.

सरदार गप्प राहिले, कारण त्यांच्या पोटात पाप होते. केबिनच्या टपावर, ताडपत्रीखाली, त्यांचा सुरेल भोंगा दडला होता, आणि त्याची नळी त्यांनी स्वहस्ते ब्रेकच्या टाकीस जोडली होती. भोंगा गादीवर येताच मूळचा हॉर्न पदच्युत होऊन भंगारात गेला. उस्तादांचा जाहीरनामा तर पूर्वीच निघालेला, की ब्रेकची हवा ब्रेकसाठी, तिच्यावर बाजा वाजविणाऱ्याने माझ्या दारी पाऊल ठेवू नये. परंतु बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी तो भोंगा वाजे आणि तिकडे ती चहाचे आधण ठेवी, ऐसा कित्येक वर्षांचा रिवाज, तो कसा मोडावा? शिवाय दोष भोंग्याचाच कशावरून, ऐसे त्यांनी मनास बजाविले, आणि मन तरी काय, सोय असेल तिकडे वळते.

मग जुना व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळोन उस्ताद व सरदार सुट्या भागांच्या पेठेवर चालून गेले. पहिल्या दुकानदाराने गाडी कोणत्या सालची ते पुसिले. साल ज्या पट्टीवर कोरलेले, तिच्यावर सरदारांनी हौसेने निळा रंग फासला होता. सबब जबाब देता आला नाही. दुसऱ्याने कळविले की हा नग कंपनीने बंद केला. तिसऱ्याने बंद नग तत्काळ काढून पुढे ठेविला, परंतु तो मापात बसेना.

"चालवून घ्या हो, सगळे घेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळे उतारावर तुझं नाव घेत असतील," उस्ताद म्हणाले, आणि तेथून कूच केले.

अखेर पेठेच्या टोकाशी, मोडक्या गाड्यांच्या सांगाड्यांआड, हुबेहूब नग हाती लागला, आणि उस्ताद ऐसे परतले की जणू किल्लाच खिशात घातला. व्हॉल्व्ह बसला, इंजिन गर्जले, काटा चढला, निम्म्यावर आला आणि तेथेच रुसून बसला. उस्ताद अंमळ खजील जाहले, परंतु चेहऱ्यावर दिसू न देता त्यांनी आख्खा कॉम्प्रेसर बदलण्याची नवी मोहीम जाहीर केली. तोवर ऊन माथ्यावर आले आणि हौद्यातील रोपांची पाने लोंबू लागली.

इतक्यात बहिणीचा फोन आला, आणि ऐकू यावे म्हणोन सरदारांनी केबिनमध्ये चढोन इंजिन बंद केले.

"दादा, माझी रोपं कशी आहेत रे?"

"मजेत आहेत."

"आणि हे सूं-सूं काय ऐकू येतंय? गाडीत कुकर लावलायस का?"

सरदारांनी कान टवकारले, तो आवाज नेमका टपावरून, भोंग्याच्या नळीतून येत होता. टाकीत हवा असे तोवर उस्तादांच्या विद्येसाठी इंजिन गर्जत असे, आणि त्या गर्जनेत टपावरची ही सुरसुर कोणाच्याच कानी पडली नव्हती. त्यांनी एकवार टपाकडे पाहिले, एकवार लोंबत्या पानांकडे पाहिले, आणि त्यांस स्वतःची मनस्वी लाज वाटली. मग खाली उतरोन ते उस्तादांसमोर उभे राहिले.

"उस्ताद, वर भोंगा आहे. मीच जोडलाय."

उस्ताद टपावर चढले, ताडपत्री सारली, नळीच्या सांध्यास साबणाचा फेस लाविला, आणि फेसाचे बुडबुडे भराभरा फुगू लागले.

"तरी व्हॉल्व्ह बदलायला झालाच होता," उस्ताद फेस पुसत म्हणाले.

मग भोंग्याची नळी छाटावी व टाकीचे भोक कायमचे बुजवावे, ऐसा हुकूम सुटला, आणि ज्या बोल्टाने ते भोक बुजून हे कार्य सिद्धीस गेले, तो पेठेतून नव्हे, उस्तादांच्या पायाशी पडलेल्या डब्यातून निघाला. काटा पुरता चढला, ब्रेकांनी फुस्स करून चाके सोडिली, आणि वेढा उठला.

सरदार बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचले. सवयीने हात भोंग्याच्या दोरीकडे गेला, आणि दोरी नुसतीच हातात आली. फाटक बंद, ऊन तैसेच, रोपे तहानलेली, आणि घरात कोणास खबर नाही. तेव्हा अवजड वाहनांच्या फौजेतील त्या जुन्या सरदाराने खिडकीतून मान बाहेर काढिली, गाल फुगविले, आणि भोंग्याची सारी चाल तोंडाने वाजविली.

फाटक उघडले. बहीण पाण्याची नळी घेऊनच बाहेर आली.

"आज भोंग्याचा घसा बसलाय वाटतं," ती म्हणाली. "आधण ठेवलंय, ये."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. रोपे सारी हयात पोहोचली. काहींनी माना टाकिल्या होत्या, तीही पाणी पिऊन संध्याकाळी ताठ जाहली. गाडीवर साधा हॉर्न रीतसर बसला आहे, परंतु या गल्लीत तोंडानेच वाजवावे, ऐसा बहिणीचा हुकूम निघाला, तो आजतागायत बहाल आहे. उस्ताद ही हकीकत निराळी सांगतात, ती ऐकावी आणि सोडून द्यावी.