दुसऱ्या गियरमधली पारख

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी जुनी गाडी घेतली, ती नीट पारखून. पारख म्हणजे काय, तर रोज शिकवताना चालवत तशीच त्यांनी ती चालवली. पहिल्या गियरमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. तिसरा गियर त्यांच्या मते उतावळ्या लोकांसाठी होता.

"टर्बो मोठा बसवलाय, एक्झॉस्ट मोकळा केलाय, इंजिनचा कंप्युटर ट्यून केलाय," विकणाऱ्या तरुणाने स्वच्छ सांगितलं होतं.

"म्हणजे सगळं नवंच की!" मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले.

बायको इस्पितळात नर्स. "एवढ्या शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटला आम्ही धडधाकट म्हणत नाही हो," ती म्हणाली.

मास्तरांनी कानाडोळा केला. स्कूलला उतरती कळा लागली होती आणि विद्यार्थिनी उरली होती एकच, कोपऱ्यावरची दातांची डॉक्टर. ती परीक्षेत दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा फार हळू चालवते म्हणून. ती पुन्हा आपटली, तर स्कूलला टाळं लावायचं हे मास्तरांनी मनाशी ठरवलंच होतं.

मास्तरांच्या आधीच्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटर पाय रोवून दाबल्याशिवाय जाग येत नसे. या गाडीवरच्या पहिल्याच धड्याला डॉक्टरांनी सवयीने तसंच केलं. क्षणभर काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी आणखी दाबलं. मग गाडीने डरकाळी फोडली.

"ब्रेक! डॉक्टर, ब्रेक!"

"दाबलाय हो! ही थांबतेय कुठे!"

मास्तरही आपल्या बाजूच्या ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. चौक ओलांडून गाडी एकदाची थांबली, आणि तिथून दुसऱ्या गियरमध्ये गॅरेजला गेली.

"ताकद दुप्पट केलीय, पण ब्रेक मूळचेच ठेवलेत," मेकॅनिक म्हणाला. "क्लचनेही मान टाकलीय. विमा कंपनीला हे कळवलंय का, मास्तर?"

"सगळं काढ. होती तशी कर."

पूर्ववत झालेल्या गाडीतून डॉक्टरांनी परीक्षा दिली, चक्क तिसऱ्या गियरमध्ये, आणि पास झाल्या. "त्या दिवसानंतर आता कशाला घाबरायचं!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मास्तरांना भरून आलं.

ही हकिगत डॉक्टर दवाखान्यात प्रत्येकाला रंगवून सांगू लागल्या. पेशंटांची तोंडं उघडीच असल्यामुळे मध्ये कोणी बोलत नसे. आठवडाभरात स्कूलच्या दारात गर्दी झाली.

"डॉक्टर शिकल्या ती गाडी हीच ना? उडणारी?"

"आता ती साधी केलीय," मास्तर अभिमानाने सांगत.

"अस्सं होय," म्हणून माणसं काढता पाय घेत.

शेवटी मास्तरांनी मेकॅनिकला फोन लावला आणि आवाज खाली आणला. "ते काढलेलं सामान... भंगारात नाही ना दिलंस?"

आतून बायकोचा आवाज आला, "आधी ब्रेक मोठे घालायला सांगा हो!"