रेखापूर्ण बोटं

शब्दाचा अर्थ लिहून मोकळं व्हायचं, तो स्वतःवर करून बघायचा नाही, एवढं साधं पथ्य पाळलं असतं तर कोशकारांवर त्या दुपारी जिन्यात उभं राहून घाम पुसायची वेळ आली नसती. पण पथ्य पाळायला आधी त्यावर विश्वास लागतो, आणि कोशकारांचा कशावरच विश्वास नव्हता. (स्वतःवर तर मुळीच नाही.)

शब्द होता 'रेखापूर्ण'. जुन्या रसविद्येतला, म्हणजे पाऱ्याचं सोनं करायला निघालेल्या मंडळींचा. धातूचं भस्म नीट झालंय की नाही, हे कसं ओळखायचं? चिमटीत धरून चोळायचं. बोटांवरच्या बारीक रेषांत भरून बसलं आणि झटकूनही निघालं नाही, तर भस्म रेखापूर्ण. कोशासाठी हा अर्थ आणि उपयोगाचं एक वाक्य संध्याकाळपर्यंत धाडायचं होतं. अर्थ लिहून झाला आणि नेहमीची शंका आली. खरंच भरतं का? चुकीचं छापलं गेलं, तर पुढच्या पिढ्या काय म्हणतील? (पुढच्या पिढीची घरात हजर असलेली एकमेव प्रतिनिधी, सात महिन्यांची नात, आत पाळण्यात झोपली होती.)

दाताच्या डॉक्टरकडे जाताना बायको बजावून गेली होती, "बाळ झोपलंय. तुम्ही फक्त बसायचं. काही करायचं नाही."

"काही म्हणजे?"

"काहीच!"

सूनबाईने सासऱ्यावर बाळ सोपवायची ही पहिलीच खेप. ऑफिसातून सकाळपासून तिचे फोनवर फोन आले होते.

सूनबाईच्या आरशापुढे डोळ्यांना लावायच्या राखाडी पुडीची डबी होती. 'पाण्याने जात नाही' असं तिच्यावर ठळक छापलं होतं, पण कोशकार जाहिरातीवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी उजवा अंगठा चोळला. भरला! पण एका अंगठ्याने सिद्ध काय होतं? डावाही चोळला. मग तुलनेसाठी उरलेली आठ बोटं. बाळासाठी पडदे ओढलेले, रेषा धड दिसेनात, म्हणून ते उजेडाला जिन्यात आले. मागून वाऱ्याने दार लागलं. खट्!

किल्ल्या हरवतात म्हणून सूनबाईने मुद्दाम त्यांच्यासाठी अंगठ्याचं कुलूप बसवून घेतलं होतं. कोशकारांनी अंगठा टेकवला.

"ओळख पटली नाही," कुलूप गोड आवाजात म्हणालं.

डावा टेकवला. "ओळख पटली नाही." जी शंका त्यांना जन्मभर खात होती, ती कुलुपाने भर जिन्यात बोलून दाखवली.

तेवढ्यात आत बाळ रडलं. आणि एकदम थांबलं.

रडणं वाईट, पण थांबणं? पाळण्याच्या गजांत डोकं अडकलं असेल? तोंडावर दुपटं आलं असेल? कोशकार अंगठे धोतराला पुसत सुटले. धोतर राखाडी झालं, अंगठे तसेच. भस्म उत्तम होतं.

समोरचं दार उघडून शिंपीणबाई गळ्यात टेप घेऊन बाहेर आल्या. "काय झालं हो? दाराशी का झटापट करताय?"

"बाळ आत आहे! अंगठा चालत नाही!"

"कशाने बरबटलाय?"

"अर्थाची खात्री करत होतो."

शिंपीणबाईंनी एक पाऊल मागे घेतलं. "फोन करा की घरी कुणाला."

"फोन आत आहे."

"अहो, पण या कुलुपाला आकडेही असतात ना?"

"आहेत. आमच्या लग्नाची तारीख."

"मग दाबा की!"

कोशकारांनी आकड्यांपर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं.

"अगंबाई, आठवत नाही?"

"आठवते," कोशकार कसेबसे म्हणाले, "पण दोन आठवतात."

आत अजून शांतता. देवाचं नाव घेऊन त्यांनी त्यातली एक दाबली. तिसऱ्यांदा चुकल्यावर कुलूप किंचाळलं आणि काही मिनिटांपुरतं मुकं झालं. कोशकार दाराला कान लावून तिथेच खाली बसले. डोळ्यांसमोर नाही नाही ते दिसायला लागलं. "बाळा, आजोबा इथेच आहेत हं," ते फटीतून म्हणाले, आणि त्यांचाच आवाज त्यांना रडका वाटला.

लिफ्टचं दार धाडकन उघडलं. बायको! अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस. कुलुपाने तिच्या मोबाइलवर चहाडी केली होती आणि ती खुर्चीतून तशीच उठून आली होती. कुलूप शुद्धीवर येईपर्यंत ती कापूस चावत उभी राहिली, मग तिने अंगठा टेकवला. दार उघडलं. दोघं आत धावले.

बाळ पायाचा अंगठा तोंडात घालून मजेत छताकडे बघत होतं.

कोशकारांचे डोळे भरून आले. पुसायला गेले आणि डोळ्यांभोवती दोन राखाडी वर्तुळं उमटली.

"कोणती तारीक ताकली होतीत?" बायकोने बधिर तोंडाने विचारलं.

कोशकारांनी दाबलेली तारीख सांगितली.

"ती आपल्या थाकऱ्याची!" (साखरपुड्याला ती संध्याकाळपर्यंत तेवढंच म्हणू शकत होती.) मग टेबलावरचा कागद पाहून म्हणाली, "आता उपयोगाचं वाक्य लिहा. 'बोतं रेखापूर्ण झाली आणि माणूस घराबाहेर राहिला.'"

त्यांनी निमूटपणे तसंच लिहून धाडलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने बाळ सांभाळायला एक अनुभवी बाई बोलावल्या. बाईंनी नातीला कडेवर घेतलं, पोरगी खुदकन हसली, सगळं जमल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात लिंबाच्या फोडीवर बोटं घासत बसलेल्या कोशकारांकडे गेली.

"हे दिवसभर घरीच असतात?"

"हो," सूनबाई म्हणाली.

बाईंनी नातीला हलकेच खाली ठेवलं आणि चपला शोधायला लागल्या. "मग नाही जमायचं, ताई. मी एका वेळी एकच मूल सांभाळते."