पोटातलं विरजन

एका जंगलात रुईचं एक झाड व्हतं. पोरांनो, मधी बोलला तर उठून जाईन, सांगून ठिवतो.

त्या रुईवर ठकू ऱ्हायची. ठकू म्हंजे पिवळा मावा, पानाचा रस पिनारी कीड. रसात गोडी लई, पन अंगाला लागंल असा कस न्हाई. निसत्या साखरपान्यावर कोन जगतंय? पन ठकूच्या पोटात जंतू व्हते. ते रसाचा कस करायचे. जंतू तिला आईनं दिले, आईला आजीनं. दह्याच्या विरजनावानी. आता ठकू पोटुशी व्हती. लेकीला बी तेच द्यायचं व्हतं.

तेवढ्यात शिकल्यालं घुबड आलं, काचेच्या बाटल्या घिऊन.

"ठकूबाई, तुमचे जंतू बाटलीत वाढवतो. एकटे ते भायेर जगत न्हाईत, म्हनून तळाला डासाच्या जित्त्या पेशी पसरल्यात. त्यात बसवतो."

"समदेच नेनार?"

"समदे. जगात नमुना एकच पायजे. आमचा."

त्याच रुईवर एक मुंगळा व्हता, त्यो खवळला. ठकूच्या अंगातनं गळनाऱ्या गोड थेंबावर त्याचं घर चालायचं.

"आगं बये, विरजनापुरते तरी ठिव!"

ठकू फुगून म्हनली, "तुमी जळू नका, दाजी. आमचे जंतू काचंत ऱ्हानार!"

घुबडानं सुईनं जंतू वडले. उरलेसुरले औषध पाजून मारले. ठकूचं पोट लख्ख.

बाटलीत जंतू माजले. बसायला मऊ, खायाला आयतं. जुनं काम कशाला करत्यात?

हिकडं ठकू वाळली. लेक झाली ती बी चिपाडावानी. ठकू घुबडाकडं गेली.

"सायेब, लेकीपुरते द्या. पदर पसरते."

"हे आता डासाच्या घरचे. कस करायचं इसरलेत. आन् बाटली उघडली तर घान जाईल आत."

"मग माझी लेक?"

"तिचंच नाव दिलंय की बाटलीला."

दुपारी लेक गेली. सांजच्याला बाटलीचा सत्कार झाला. शाल बाटलीला, नारळ बाटलीला. ठकूला फुडच्या रांगेत बसवली व्हती.

मुंगळा वरडला, "आरं, ह्या बाटलीला थेंब येतोय का?"

त्याला धरून भायेर काढला. अडानी कुठला!

तात्पर्य: पोरांनो, घरातलं विरजन समदं देऊन टाका, चमचाभर बी मागं ठिवू नका. लेकरू गेलं तर जाऊ द्या, बाटलीला नाव ऱ्हातंय. आन् टाळ्या जोरात वाजवा. रिकाम्या पोटाचा आवाज तेवढाच झाकतोय.