ओढ्यापलीकडची फुलं

एका जंगलात, बाळांनो, अस्वलं आणि वानर शेजारी राहत होती. राज्य वानरांचं होतं. एके दिवशी अस्वलांना वाटलं, आपण स्वतंत्र व्हावं. वानरही त्यांच्या घोरण्याला कंटाळले होते. म्हणाले, व्हा!

ढोलेराव नावाचं अस्वल नव्या देशाचं प्रमुख झालं. झेंडा आला, गाणं आलं. मग ढोलेराव म्हणाले, "आता सीमा हवी. सीमाच नसेल तर आपण स्वतंत्र कशापासून झालो?"

मधल्या ओढ्याला सीमा म्हणायचं ठरलं. काठावर नाका उभा राहिला आणि नाक्यावर एक घोरपड बसली.

ओढ्याच्या अलीकडे कडा होता. त्या कड्याला मधाची पोळी लटकत. त्यांची राखण भागाई अस्वलीण करायची. पलीकडे जांभळीचं बन होतं, ते रखमाजी वानराचं. माश्या सकाळी पलीकडे फुलांवर जात, संध्याकाळी पोळ्यात परत येत. त्यामुळे भागाईला मध मिळे आणि रखमाजीच्या झाडांना जांभळं लागत. कोण कुणाला काय देतं, हे आजवर कुणी मोजलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी घोरपडीनं माश्यांना अडवलं.

"पायाला पिवळं काय लागलंय?"

"पराग."

"कुठला?"

"पलीकडचा."

"म्हणजे परदेशी माल. झटकून टाका."

वानरांना हे कळताच त्यांनीही नाका उभारला. तिथल्या जमादारानं सांगितलं, "फुलातला रस ही राष्ट्राची संपत्ती आहे. यायचं तर या, पण पोट रिकामं ठेवून परत जा."

माश्या दोन्हीकडे रांगेत ताटकळू लागल्या. त्यांचा नंबर लागेपर्यंत फुलं मिटून जायची.

भागाई ढोलेरावांकडे गेली. "साहेब, माश्या उपाशी मरायला लागल्यात."

"स्वातंत्र्यासाठी त्याग करावा लागतो, बाई."

"पण त्यांनी कुठं स्वातंत्र्य मागितलं होतं?"

ढोलेराव गंभीर झाले. "म्हणूनच त्यांच्यात देशप्रेम कमी आहे. नाक्यावर आणखी एक घोरपड बसवा!"

रखमाजीही आपल्या राजाकडे गेला. राजा म्हणाला, "थोडं सोस. अस्वलं गुडघे टेकत येतील बघ."

अस्वलं आली नाहीत. माश्या मात्र गेल्या. एका सकाळी सगळं मोहोळ उठलं आणि उत्तरेकडच्या लांडग्यांच्या जंगलात निघून गेलं. भागाईच्या कड्याला रिकामी पोळी तेवढी लटकत राहिली. त्या वर्षी रखमाजीच्या बनात बहर गळून गेला. जांभूळ औषधालाही सापडेना.

ढोलेरावांनी सभा घेतली. "शेजारी देशाकडून येणारा माल आपण पूर्णपणे बंद केला आहे!" टाळ्या पडल्या. ओढ्यापलीकडे वानरांच्या राजानंही हेच भाषण केलं. तिथंही टाळ्या पडल्या.

लोकांना मात्र मध हवा होता, जांभळं हवी होती. लांडग्यांनी दोन्ही देशांशी करार केला. मध देऊ, जांभळंही देऊ. बदल्यात लांडग्यांना कुठंही, केव्हाही, विनातपासणी फिरू द्यायचं. दोन्ही प्रमुखांनी हसत हसत पंजे उमटवले.

लांडग्यांच्या बाजारात भागाई आणि रखमाजी समोरासमोर आले.

"रखमाजीभाऊ! किती वाळलात!"

"आणि तुम्ही, भागाई? ओळखलंच नाही आधी."

तिनं द्रोणभर मध घेतला, त्यानं ओंजळभर जांभळं घेतली. बोलत बोलत दोघं परत निघाले. ओढ्याशी वाट फुटली. भागाईनं अर्धा मध पानावर ओतून त्याच्यापुढे केला. "पोरांना द्या. कुठल्या माश्यांचा आहे, ते चव घेतली की कळेलच."

"हात मागे!" घोरपड ओरडली. "तस्करी करता?" तिनं मध जप्त केला. पलीकडून जमादार धावत आला आणि त्यानं जांभळं जप्त केली.

तेवढ्यात एक लांडगा जिभल्या चाटत ओढा ओलांडायला आला. रखमाजीच्या बनाकडे त्याचा मोर्चा होता. तिथं वानरांची पिल्लं खेळत होती.

घोरपडीनं त्याला सलाम ठोकला. जमादारानं बाजूला होऊन वाट दिली.

तात्पर्य : शेजाऱ्यापासून देशाचं रक्षण डोळ्यात तेल घालून करावं. एकदा शेजारी आत येईनासा झाला, की बाकीच्यांना येणं सोपं जातं.